धोकटी आणि स्टोव्ह

ज्या माणसावाचून घरातील एकही मोठा संस्कार पुरा होत नाही, त्याच्याविषयी आपल्या मासिकांतून फारसे काही लिहिलेले आढळत नाही. जावळ असो, मुंज असो, की वडीलधाऱ्याच्या मृत्यूनंतर नदीकाठी व्हावयाचे क्षौर असो. भटजी आसनावर बसलेले असतात, दर्भ व तीळ मांडून ठेवलेले असतात, आणि सारी मंडळी वाटेकडे डोळे लावून एकाच माणसासाठी ताटकळत असतात. तो आला की ‘किती हा उशीर!’ एवढेच त्याचे स्वागत, आणि काम आटोपले की त्याचा हात लागला म्हणून स्नान. हे मी तक्रारीच्या सुरात सांगत नाही. त्या माणसाच्या जातीत माझा जन्म झाला, त्याचाच धंदा मी जवळजवळ चाळीस वर्षे करीत आलो, आणि त्या धंद्याने मला काय दिले हे कोठेतरी लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते, इतकेच.

कोकणी बोलणारे वाचक आम्हांला ‘म्हालो’ म्हणतात. हे मला पुष्कळ उशिरा कळले. कारवारकडून बदली होऊन आलेले बँकेतील एक गृहस्थ दर पंधरवड्यास माझ्या खुर्चीत बसत असत. त्यांच्या तोंडून तो शब्द सहज निघाला आणि मी हातातील कंगवा थांबवून त्यांच्याकडे पाहतच राहिलो; कारण आमच्या वऱ्हाड-नागपूरकडच्या खेड्यांतून न्हाव्याला ‘म्हाली’ म्हणतात. मध्ये केवढा मुलूख पसरलेला, आणि शब्द मात्र तोच! १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार ज्याने अडविला, त्या जिवा महालाचे नावही कानाला त्याच कुळातले वाटते. तो आमचाच. पन्हाळ्याहून महाराज निसटले तेव्हा त्यांचा वेष घेऊन पालखीत बसलेला शिवा काशीदही आमचाच. पण आमच्या लहानपणी ही नावे कोणी आम्हांला अभिमानाने सांगितली असे मात्र मला आठवत नाही. वडिलांनी सांगितली ती एवढीच गोष्ट, की वस्तरा ओला ठेवू नये.

माझे गाव सौंसरजवळचे. या भागाचे स्थान परप्रांतीय वाचकांस चटकन ध्यानात येत नाही, म्हणून थोडे सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा जुन्या मध्य प्रदेशातील विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सौंसर आणि पांढुर्णा ही दोन मराठी बोलणारी गावे. कचेरीचा कागद हिंदीत, दुकानावरची पाटी हिंदीत, आणि पाटीखालची भांडणे, सोयरिकी व अभंग मराठीत, अशी आमची व्यवस्था आहे. रानात कापूस आणि संत्री. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा नावाचा निराळा जिल्हा झाला. परंतु मी सांगतो आहे त्या काळी पांढुर्णा म्हणजे आम्हां सौंसरकडच्यांना एसटीने तास-सव्वातासाच्या अंतरावरचे परमुलखाचे गाव होते. तेथून दिल्ली-मद्रासच्या मोठ्या गाड्या जात. आमच्याकडे नागपूर-छिंदवाड्याची धाकट्या रुळांची गाडी.

दोन वर्षांचा असताना मला ताप आला आणि डावा पाय गेला. पोलिओ. आज नव्या आयांना या रोगाचे भय राहिलेले नाही, आणि ते राहू नये हेच बरे. भारतात शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. माझ्या बालपणी मात्र प्रत्येक गावात आमच्यासारखी दोन-चार मुले असत. आईने मला उचलून वाढविले. उचलून हा शब्द मी अक्षरशः वापरतो आहे. पाणी हातात, ताट पुढ्यात, पायातली पट्टी तिने बांधावयाची, रात्री तिनेच सोडावयाची. मोठा भाऊ चांगला होता. पण ‘पुढे याचं कसं होईल’ हे वाक्य आमच्या घरात दिवेलागणीसारखे रोज ठराविक वेळी उच्चारले जाई, आणि त्याचे उत्तर म्हणून सर्वजण भावाकडे पाहत. भाऊ जमिनीकडे पाही.

वडिलांचा धंदा मी का शिकलो नाही, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर फार साधे आहे. गावचा म्हाली उकिडवा बसून काम करतो. गिऱ्हाईक पाटावर किंवा पोत्यावर, आणि समोर उकिडवा म्हाली; गिऱ्हाइकाची मान त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. घरोघर फिरावयाचे, ओसरीवर बसावयाचे, आणि सुगीनंतर खळ्यावर जाऊन वर्षाची ज्वारी मागून आणावयाची. माझा पाय दुमडत नव्हता आणि मैलभर चालवतही नव्हता. वडिलांची धोकटी खुंटीला असे. तिच्यात वस्तरा, कात्री, चिमटा, नखे काढण्याची नराणी, पितळी वाटी आणि काळसर डाग पडलेला आरसा. ती माझ्या हाताला येई, परंतु माझ्या पायांना येत नव्हती.

१९८६ च्या अक्षय्य तृतीयेनंतर वडील मला घेऊन पांढुर्ण्यास गेले. तेथे त्यांच्या ओळखीच्या एका कारागिराचे दुकान होते, आणि दुकानात दोन खुर्च्या होत्या. खुर्ची! माझ्या साऱ्या आयुष्याचा प्रश्न त्या लाकडी वस्तूने सोडविला, हे आज कोणाला पटणार नाही. खुर्चीत गिऱ्हाईक बसते आणि कारागीर उभा राहतो. उजव्या पायावर भार देऊन, डावी मांडी भिंतीला किंवा खुर्चीच्या हाताला टेकवून मी तासन्‌तास उभा राहू शकत होतो. दुकानाच्या मालकांना मी काकाजी म्हणू लागलो. वडिलांनी माझ्या पायाविषयी चाचरत सुरुवात केली, तेव्हा त्यांनी मध्येच हात वर केला.

‘‘पायानं कटिंग करतं का कोणी? हात दाखव रे बाबू.’’

मी हात पुढे केले. त्यांनी बोटे दाबून पाहिली, मनगट फिरवून पाहिले, आणि म्हणाले, ‘‘पहिले पाणी गरम कर. बाकीचं मंग पाहू.’’

वडील संध्याकाळच्या गाडीने परत गेले. जाताना त्यांनी पंचात गुंडाळलेली आपली साहण माझ्या हातात दिली. वस्तरा घासण्याचा तो दगड त्यांच्या वडिलांचा होता आणि मधोमध झिजून होडीसारखा झाला होता. तोंडाने ते काही बोलले नाहीत.

दुकानामागील एका वाड्यात महिना तीस रुपये भाड्याची खोली मिळाली. घरमालकीण सत्तरीच्या आजी होत्या. खोली म्हणजे एक कोनाडा, एक खिडकी आणि शेणाने सारवलेली जमीन. आईने बांधून दिलेले पीठ, डाळ, तिखट, एक तवा, दोन भांडी आणि वातीचा एक जुना स्टोव्ह एवढा संसार मी मांडला. पहिल्या रात्री त्या स्टोव्हपुढे जे बसणे झाले ते मी विसरलेलो नाही. बसल्यावर मला आधाराशिवाय उठता येत नसे, आणि घरी आधार म्हणजे आई. येथे आधार कोणता? बाजारात संत्र्याच्या रिकाम्या पेट्या पुष्कळ मिळत. दुसऱ्या दिवशी मी दोन पेट्या आणल्या, एकीवर स्टोव्ह ठेवला व दुसरीवर स्वतः बसलो. स्वयंपाकघरात जमिनीवरून उंचीवर येण्याचे जे कौतुक शहरातील स्त्रियांना वाटते, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

पाण्याचा नळ अंगणात होता. भरलेली बादली नेताना माझा तोल जाई. म्हणून मी अर्धी बादली दोनदा नेऊ लागलो. आजी ओसरीवरून हे पाहत. त्यांनी कधी बादली उचलून दिली नाही. मला प्रथम राग आला. पुढे कळले, की त्यांनी काकाजींना पहिल्याच दिवशी विचारले होते, ‘या पोराला काय काय येत नाही?’ आणि काकाजींनी सांगितले होते, ‘ते त्यालेच अजून मालूम नाही.’ प्रातर्विधीची अडचण ही माझ्यासारख्या माणसाची सर्वांत मोठी अडचण असते, आणि ती कोणी बोलून दाखवीत नाही. एके सकाळी मी उठलो तो मागच्या बाजूस एक जुनी खुर्ची ठेवलेली दिसली. तिची बैठक काढून टाकलेली होती. आजी त्याविषयी एक अक्षरही बोलल्या नाहीत आणि मीही बोललो नाही. काही उपकारांना बोलून दाखवल्याने उणेपणा येतो.

शिकण्याचा क्रम असा होता. पहिला महिना पाणी, झाडलोट आणि टॉवेल. केस झाडताना खाली पाहावे लागते, आणि काकाजींचे म्हणणे असे, की जमिनीवरचे केस पाहूनच वरच्या कात्रीची चूक ओळखता आली पाहिजे. एकसारख्या लांबीचे तुकडे पडत असतील तर हात बरा. दुसरा महिना साहणेचा. वस्तऱ्याची पाठ व धार ही दोन्ही दगडाला एकदमच टेकली पाहिजेत. पाठ उचलली तर धार गोल होते. दगडावर धार पुढे करून घासावयाचे, आणि नंतर चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे करून ओढावयाचे. दगडावरची चाल पट्ट्यावर चालविली तर पट्टा कापला जातो. हे सांगावयास एक वाक्य पुरते; बोटांत उतरावयास मला सात आठवडे लागले. धार झाली की नाही हे मनगटावरचे केस सांगतात. त्या दिवसांत माझे डावे मनगट लहान मुलासारखे गुळगुळीत होते.

मग फुगा. फुगवलेल्या फुग्यावर साबणाचा फेस लावून तो वस्तऱ्याने उतरावयाचा. फुगा फुटला तर फेस स्वतःच्या तोंडावर उडतो आणि दुकानातील मंडळींची करमणूक होते. फुगा शिकवितो ते एवढेच, की वस्तऱ्याला जोर लागत नाही, कोन लागतो. डाव्या हाताने कातडी ताणावयाची आणि उजव्याने वस्तरा नुसता वाहू द्यावयाचा. पहिला हात केसांच्या कलाने, दुसरा अंमळ तिरपा. ‘‘मान कापाची नाही, केस कापाचे हायेत,’’ काकाजी म्हणत, ‘‘घाई कायची?’’ त्यानंतर शाळकरी पोरांचे फुकट केस, आणि चौकातल्या दोन म्हाताऱ्यांच्या दाढ्या. त्यांपैकी एकांना कमी दिसत असे. त्यांनी माझ्या हाती मान दिली हा विश्वास म्हणावा की निरुपाय, हे मला अजून सांगता येत नाही.

दिवसा दुकानात हे, आणि रात्री खोलीत भाकरी. दोहोंची प्रगती साधारण सारखीच होती. वस्तरा नीट लागू लागला त्याच सुमारास भाकरी फुगू लागली. रात्री मोठ्या गाड्यांचा आवाज येई. सुरुवातीस त्या आवाजाने घर आठवून जीव कासावीस होई. पुढे तोच आवाज ऐकून किती वाजले ते समजू लागले.

श्रावणात वद्य द्वादशीला आमच्या समाजात सेना महाराजांची पुण्यतिथी असते. दुकाने बंद, टाळ-मृदंग, प्रसाद. सेना महाराजांना परंपरा बांधवगडच्या राजाच्या सेवेतला न्हावी मानते. बांधवगड आमच्याच मध्य प्रदेशात. पंढरपूरच्या विठ्ठलावर मराठीत अभंग करणारा आणि गुरु ग्रंथ साहिबात ज्याचे एक पद आहे असा हा संत. त्याच्या मागे मराठी मुलूखही आहे आणि पंजाबही. त्याची कथा वाचकांस ठाऊक असेलच. तो पूजेत रमला, राजाचे बोलावणे आले, आणि भक्ताची अब्रू राखण्यासाठी देवच धोकटी घेऊन राजवाड्यात गेला. कीर्तनकार या कथेत देवाच्या कृपेवर भर देतात, आणि तो यथायोग्यच आहे. परंतु त्या रात्री भजनात बसलेल्या मला, दोन महिने साहण घासलेल्या पोराला, निराळेच सुचले. राजाला शंका आली नाही, त्या अर्थी देवाचा हात सफाईचा होता. त्याला पट्टा ओढता येत होता! मी हे काकाजींच्या कानात सांगितले. ते भजन सोडून इतके हसले, की शेजारच्याने त्यांना कोपराने ढोसले.

त्या द्वादशीनंतर तिसऱ्या दिवशी पोळा, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात; एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दोन्हींकडून दगडांचा वर्षाव. एका काठाचा तरुण दुसऱ्या काठाची मुलगी घेऊन नदी ओलांडत होता, त्यातून हे सुरू झाले अशी आख्यायिका आहे. शेवटी झेंडा चंडीमातेच्या चरणी जातो. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात, आणि काही वर्षी माणसे दगावलीही आहेत. या प्रथेविषयी माझे मत विचाराल तर, ज्याने त्या डोक्यांना हात लावला आहे त्याला तिचे कौतुक करता येत नाही. गावात हे बोललेले आवडत नाही. म्हणून तेथे मी बोलत नाही, येथे लिहितो.

जखमेला टाके घालण्याआधी भोवतालचे केस काढावे लागतात, आणि त्यासाठी काकाजी दरवर्षी नदीकाठच्या मलमपट्टीच्या जागी जाऊन बसत. त्या वर्षी मलाही नेले. मी गरम पाणी आणि कापूस देण्यापुरता होतो. दुपारनंतर गर्दी एवढी झाली, की कंपाउंडर एका पोराला धरून आला आणि काकाजींचे हात दुसऱ्याच्या डोक्यात गुंतलेले. काकाजींनी मान वर केली नाही. नुसती हनुवटी माझ्याकडे वळविली.

पोरगा विशीचा असेल. त्याला बाकावर निजविले होते, पण मला वाकता येईना. मी संत्र्याची पेटी उभी करून त्याला तिच्यावर बसविले आणि पाठ भिंतीला टेकवली. आता डोके माझ्या छातीशी आले. आधी कात्रीने केस बारीक केले, मग वस्तरा जखमेपासून बाहेरच्या बाजूस, म्हणजे केस आत जाऊ नयेत. फुग्याला रक्त नसते. येथे पाण्याबरोबर ते सारखे वाहत होते आणि कातडी निसटत होती. पोराने दात आवळून विचारले, ‘‘झेंडा कोणाचा झाला?’’ तो सावरगावचा होता.

‘‘मालूम नाही भाऊ. मान हालवू नका.’’

त्याने मान स्थिर केली. अनोळखी माणसाला मी दिलेली आणि त्याने पाळलेली ती पहिली आज्ञा. त्यानंतर अंधार पडेपर्यंत मी किती डोकी केली ते मोजले नाही. रात्री खोलीवर आलो तेव्हा उजवा पाय थरथरत होता. स्टोव्ह पेटविण्याचेही त्राण नव्हते. आजींनी दाराशी वाटीभर कढी आणि भात ठेवला होता. त्या दिवशी तो मी घेतला. दुसऱ्या महिन्यापासून काकाजींनी मला कमाईचा चौथा हिस्सा सुरू केला. दाढीचा एक रुपया आणि केसांचे दोन, असे ते दिवस होते.

दोन वर्षांनी मी सौंसरला परतलो; घरी नव्हे, सौंसर गावात. बसस्थानकाजवळ एक टपरीवजा जागा आणि तिच्यामागे खोली. आईला हे मुळीच रुचले नाही. घर चार मैलांवर असताना पोराने हाताने रांधून खावे, म्हणजे लोक काय म्हणतील? ती आठ दिवस राहावयास आली आणि आल्या आल्या माझी पट्टी सोडावयास वाकली. मी पाय मागे घेतला. तिला लागले, मला दिसले. रात्री मी भाकऱ्या केल्या. ती पेटीवर बसेना, जमिनीवरच बसली. पहिला घास घेऊन बराच वेळ चावत राहिली, आणि म्हणाली, ‘‘मीठ कमी हाय.’’ त्यानंतर मात्र ती जेव्हा जेव्हा आली तेव्हा पाहुण्यासारखी आली आणि जाताना माझ्याकडून लुगडे घेऊन गेली. भाऊही मोकळा झाला. आमचे दोघांचे खरे बोलणे त्यानंतरच सुरू झाले.

साहण घासून मिळविलेल्या विद्येचे पुढे काय झाले, हे सांगितले पाहिजे. मी शिकत होतो त्याच १९८६ साली मद्रासेत एड्सच्या विषाणूची लागण झालेले भारतातील पहिले रुग्ण आढळले होते. आम्हांला त्याची वार्ताही नव्हती. चार-सहा वर्षांत मात्र ती दुकानांपर्यंत पोहोचली. एकच वस्तरा दहा मानांवर फिरतो, आणि रक्तातून हा रोग व एक प्रकारची कावीळ एकाची दुसऱ्याला होऊ शकते, हे कळल्यावर गिऱ्हाईक खुर्चीत बसून प्रथम हाताकडे पाहू लागले. मग ते नवे वस्तरे आले, ज्यांत अर्धे पाते घालावयाचे आणि प्रत्येक दाढीनंतर फेकून द्यावयाचे. धार करण्याची गरजच संपली. काकाजींना ते विष वाटे. मला वाटले नाही. गिऱ्हाइकाचा जीव आपल्या हौसेपेक्षा मोठा. तथापि साहण मी टाकली नाही. दुकानातील कात्र्यांना अजून ती लागते.

जामसावळीचा हनुमान सौंसरपासून जवळच. पिंपळाखाली निजलेल्या त्या मूर्तीच्या दर्शनाला मंगळवार-शनिवारी दूरदूरची माणसे येतात, आणि त्यांत नवसाचे जावळ असलेली मुलेही असतात. जावळ हे मला आमच्या धंद्यातील सर्वांत अवघड काम वाटते. वर्षाच्या आतल्या मुलाची टाळू भरलेली नसते. बोटाखाली ती मऊ लागते, तिच्यात ठोका जाणवतो, आणि मूल तर रडून मान फेकीत असते. अशा वेळी मी आईला सांगतो, की मूल पदराखाली घ्या आणि जे रोज गाता ते गा. हिंदी, मराठी, गोंडी, कोणत्याही भाषेत. मान सैल पडते. स्पर्शाचे स्नान आता पुष्कळ घरांतून गेले आहे. जेथे आहे तेथे आहे. ज्या हातावर मुलाची टाळू विसंबते तो हात धुऊन टाकण्यासारखा कसा, हा प्रश्न माझ्यापेक्षा वाचकांनी आपल्या मनाशी सोडवावा.

कारण आमच्या लोकांनी स्वतःचा हात कोठे आवरावा, हेही एकदा ठरविले होते. १८९० साली मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असा निश्चय झाला. मिळकत बुडत होती, यजमान रागावत होते, धर्म बुडाल्याची ओरड होत होती. नाही म्हणणारा माणूस गरीब होता हे विशेष. सुशिक्षितांनी त्यावर पुष्कळ लेख लिहिले होते. वस्तरा खाली ठेवणे मात्र वस्तरा धरणाऱ्यालाच शक्य होते.

दुसरी एक हकीकत मी वर्तमानपत्रात वाचली. कोल्हापूर जिल्ह्यातील हासूरसासगिरी गावच्या शांताबाई यादव यांचे पती १९८४ साली वारले. पदरी चार मुली. शेतमजुरीवर भागेना, तेव्हा हरिभाऊ कडूकर या गावच्या पुढाऱ्यांनी सुचविले की नवऱ्याचाच धंदा हाती घ्या, आणि पहिली हजामत त्यांनी स्वतःची करून घेतली. बाईने पुरुषाच्या दाढीला हात लावावयाचा, या गोष्टीला गाव आधी हसले. पण त्या आसपासच्या गावांत धोकटी घेऊन फिरल्या, गुरांचे केसही भादरले, आणि चारही मुली वाढवून उजवल्या. मी पांढुर्ण्यास फुगे फोडीत होतो त्याच दिवसांत पाचशेहून अधिक मैलांवर ही बाई शिकत होती. तिला वाडा, आजी, काकाजी यांतले काही नव्हते. कडूकरांनी आपली मान पुढे केली नसती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. कोणीतरी पहिली मान द्यावी लागते.

आमच्या धंद्यात एक गंमत आहे. स्वतःची दाढी करता येते, पण स्वतःचे केस कापता येत नाहीत. मागची बाजू दिसत नाही. चाळीस वर्षांचा कारागीरही दुसऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. सध्या माझे केस माझ्याकडे शिकणारा मुलगा कापतो. तो बैतूलकडचा आहे, त्याचे पाय धडधाकट आहेत आणि आमच्या जातीचा नाही. मोबाइलवर चित्र पाहून तो अशा अशा तऱ्हा काढतो, की त्यांची नावे मला उच्चारता येत नाहीत. स्वयंपाकाचे मात्र त्याला वावडे. तीन महिने तो वडापाववर जगला. गॅसची शेगडी मी त्याला घेऊन दिली. भाजी करून दिली नाही.

काकाजी मागल्या हिवाळ्यात गेले. त्यांचे तिन्ही मुलगे नोकरीत. धंद्यात कोणी आले नाही. दहाव्याला मी वडिलांची धोकटी घेऊन पहिल्या बसने पांढुर्ण्यास पोहोचलो. जामेला पाणी थोडे होते. तिघे भाऊ उघड्या अंगाने उभे, भटजी घड्याळ पाहत होते. क्षौरासाठी जमिनीवर बसावयाचे, तर थोरल्याचे गुडघे धरलेले, मधल्याचे पोट आड येत होते, आणि धाकट्याने दोघांकडे पाहून माझ्या कानाशी येऊन विचारले, ‘‘भाऊ, खुर्ची चालते का?’’

‘‘चालते,’’ मी म्हणालो. जवळच्या चहाच्या टपरीवरून प्लॅस्टिकची एक खुर्ची आणविली. ती वाळूत नीट रुतवली, हलवून पाहिली, थोरल्याला बसविले, आणि ओंजळीने त्याचे केस भिजवावयास सुरुवात केली. त्याला भोवरे दोन होते, अगदी काकाजींसारखे.